मधूच्या सहीचं विमान

३ डिसेंबर १९६३, महाड

मधूचं पत्र. यंदाही कंपनीकडून दोन पास मिळतायत, आईबापासाठी. मुंबई ते बंगलोर आणि परत, विमानानं. हे तिसरं वर्ष. पहिल्या वर्षी कळवलं, गॅरेज टाकून येता येत नाही. दुसऱ्या वर्षी कंबर धरली होती. (धरली नव्हती.) यंदा काय कळवायचं ते अजून सुचलेलं नाही.

ही मला न विचारता शेजारच्या मास्तरांकडून पत्र वाचून घेऊन मोकळी. जेवायला वाढता वाढता म्हणाली, "मी जानार. तुमी येवा, नायतर ऱ्हावा हितं."

हिला कसलं भय! उमरठच्या वरच्या वाडीत जन्म, कड्याच्या टोकाला गुरं चारण्यात लहानपण गेलं. मी शिडीवर चढलो तरी खाली कुणीतरी धरायला लागतं.

५ डिसेंबर

सकाळी दहाच्या सुमारास महाबळेश्वरच्या अंगाला आभाळात एक चमक सरकत जाते. विमान. ही हातातलं सूप खाली ठेवून बघते. "मधूचा इमान ग्येला." मधू त्यात नसतो. तो सांताक्रूझला खाली जमिनीवर असतो. विमान तपासतो आणि कागदावर सही करतो. सही झाल्याशिवाय विमान जागचं हलत नाही. हा अधिकार मिळून त्याला तीन वर्षं झाली.

मीही बघतो. एवढं धूड वर कसं राहतं ते मधूनं दोनदा समजावलंय, पंखाच्या वरून वारा कसा धावतो, खालून कसा. समजतं. पटत मात्र नाही. अंगावर काटा येतो आणि नजरही काढवत नाही. आज पाना हातात धरून किती वेळ उभा होतो कोण जाणे.

९ डिसेंबर

इस्माईल ड्रायव्हरच्या ट्रकच्या ब्रेकचं काम पुरं झालं. दुपारी त्याच्याबरोबर पोलादपूरवरून कशेडी घाट चढून उतरून आलो. ज्यानं दुरुस्ती केली त्यानं पहिल्या फेरीला गाडीत बसायचं, हा आमच्या गॅरेजचा नियम. बारा वर्षं पाळतोय. गावात लोक याचं कौतुक करतात. मला ते ऐकवत नाही.

उतारावर इस्माईलला विचारलं, विमानात बसशील का रे?

"तोबा! वरती बिरेक गेला तर उतरायचा कुठं, मिस्त्री?"

तेच तर. ट्रक बिघडला तर बाजूला घेता येतो, चाकाखाली दगड सारता येतो. वर दगड कुठला?

१२ डिसेंबर

उमरठला गेलो. हिनं गावदेवीला कौल लावला. गुरवानं देवीच्या दोन्ही खांद्यांवर भिजवलेले तांदूळ चिकटवले. उजवा पडला तर जायचं, डावा पडला तर नाही. मी यंत्रावर जगणारा माणूस, असलं मानत नाही. तरी डाव्या दाण्याकडे असा बघत बसलो की गुरवाच्याही लक्षात आलं असणार.

उजवा पडला. पटकन. म्हटलं, वाऱ्यानं पडला असेल, पुन्हा लाव.

"वारा हाय कुठं, मिस्त्री? देवी म्हनते, जा."

ही येताना वाटभर पदराआड हसत होती.

२० डिसेंबर

मधू दोन दिवसांसाठी आला होता. आज गेला.

काल जेवताना विचारलं, "तुमच्यात सही करणारा पहिल्या फेरीला बसतो का?"

"नाही. दिवसाला तीन-चार विमानं सोडतो. सगळ्यांत कसा बसणार?"

"मग तुझ्या सहीला अर्थ काय? सही कागदावर, माणसं हवेत."

चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. हात धुऊन आला आणि म्हणाला, "रोज लोक माझ्या सहीवर बसतात, बाबा. ना ओळख, ना पाळख. तुम्ही तेवढे बसत नाही." मग हात पुसत, "ते चाकाचे नट तुमच्या डोक्यातून गेलेलेच नाहीत."

मी म्हटलं, येतो. तोंडातून गेलं.

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. मधू सतरा वर्षांचा. त्यानं चाक बसवलेला ट्रक चांभारखिंडीत पोचेपर्यंत चाक डगमगायला लागलं. तीन नट सैल. ड्रायव्हर सावध म्हणून वाचला. मी मधूच्या सगळ्यांदेखत कानफटात मारली. ब्रेकला, चाकाला पुन्हा हात लावायचा नाही म्हणून सांगितलं. गणपती झाल्यावर तो मुंबईला निघून गेला. ही गोष्ट महाडात सगळ्यांना ठाऊक आहे.

पुढचं लिहीत नाही.

२ जानेवारी १९६४, मुंबई

काय बघितलं आज! कुठून सुरुवात करू?

मधूनं साहेबांची परवानगी काढून आम्हाला विमानांच्या शेडमध्ये नेलं. शेड म्हणजे आमचा अख्खा बाजार आत मावेल. विमानाच्या पोटाखाली उभा राहिलो आणि टोपी काढून हातात घेतली, देवळात माथा टेकताना घेतो तशी. कळलंच नाही कधी काढली ते.

चार इंजिनं. एक बंद पडलं तर तिघांवर उडतं. दोन बंद पडली तरी जमिनीपर्यंत आणतं. जे जे एक असावं तिथं दोन. मधूनं एक झाकण उघडून दाखवलं. आत शेकडो नट, आणि प्रत्येकाला भोक पाडून बारीक तार ओवलेली. नट सैल व्हायला गेला की तार त्याला आवळायच्याच बाजूला ओढते. मी बोट लावून बघितलं. पीळ सगळीकडे सारखा. इतकं नेटकं काम मी तरी जन्मात केलेलं नाही.

"हे कुणी केलं?"

"मी केलं. मग दुसऱ्यानं तपासलं. मग त्याची सही, माझी सही."

"दुसरा कशाला? तुझ्यावर भरवसा नाही?"

"कुणावरच नाही ठेवत, बाबा. माणूस चुकणार हे धरूनच सगळं बांधलंय."

भिंतीवर हत्यारांची फळी. प्रत्येक पान्याच्या जागी त्याच पान्याचा आकार पांढऱ्या रंगानं रंगवलेला. एक जरी परत आला नाही तरी पांढरी जागा लांबून दिसते. ही म्हणाली, "माज्या मांडनीला असा कायतरी करा. पळी कंदी सापडत नाय."

तपासणीचे साहेब पुण्याकडचे, वयस्क. त्यांनी चहा पाजला आणि एक गोष्ट सांगितली. दीडेक वर्षापूर्वी माणसं विमानात चढत असताना मधूला फळीवर एक जागा रिकामी दिसली. लहान स्क्रू-ड्रायव्हर. यानं स्वतः जाऊन सांगितलं, माझ्याकडून राहिलाय, कुठं ते आठवत नाही. सगळी माणसं खाली उतरवली. दोन तास झाकणं उघडून शोधलं. शेवटी मधूच्याच फाटक्या खिशातून अस्तरात गेलेला सापडला. लोक हसले. साहेबांनी सगळ्यांसमोर त्याचा हात हातात घेतला.

"जो स्वतःहून सांगतो त्याला मी काही बोलत नाही," साहेब म्हणाले. "सांगणारी माणसं आहेत म्हणून तर मी झोपू शकतो."

मधू खाली बघत होता. मीही खाली बघत होतो. चहा तसाच राहिला.

३ जानेवारी, सकाळी

लिहितो. आज नाही लिहिलं तर कधीच लिहिणार नाही.

ते तीन नट मधूचे नव्हते. माझे होते.

चाकाचे पाच नट त्यानं आवळले होते. सकाळपासून उपाशी होता. मी म्हटलं, जा जेवून ये, उरलेले मी बघतो. तीन नट हातानं फिरवून लावले, पाना उचलला, एवढ्यात रस्त्यावरून कुणीतरी हाक मारली. पाना बाकावर ठेवून गेलो. परत आलो तेव्हा चाक लागलेलं दिसलं. ड्रायव्हरला सांगितलं, ने.

संध्याकाळी तो चांभारखिंडीतून चालत आला, घामानं भिजलेला. चार माणसं जमली. मधू समोर होता. मी मारलं. मारलं त्या क्षणी मला खरंच मधूचीच चूक वाटली होती, शपथेवर सांगतो. मग हात धुताना बाकावरचा पाना दिसला.

तेव्हा सांगता आलं असतं. चार माणसं अजून उभी होती. मी तोंड उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी तो नियम काढला, दुरुस्ती करणाऱ्यानं गाडीत बसायचं, आणि लोक वाहवा करायला लागले.

मधूला आठवत असेल का, मी त्याला जेवायला पाठवलं होतं ते? आठवत असेल तर बोलला का नाही? नसेल आठवत तर बारा वर्षं तो स्वतःलाच दोषी समजत आलाय. दोन्हीतलं कोणतं बरं, मला ठरवता येत नाही.

विमानाला भितो म्हणून सगळे चेष्टा करतात. चांगला, काळजी घेणारा मिस्त्रीसुद्धा विसरतो आणि गप्प बसतो, हे मला आतून ठाऊक आहे. म्हणून भितो.

४ जानेवारी, बंगलोर

उडलो. जिवंत आहे.

मधू शिडीपर्यंत आला. कामाच्या निळ्या कपड्यांत. आमच्या विमानावर त्याचीच सही होती, पण त्यानं ते तोंडानं सांगितलं नाही. मी विचारलं तेव्हा नुसती मान हलवली. मी वर चढलो. एवढंच त्याच्यासाठी करता आलं.

विमानातल्या बाईंनी लिमलेटच्या गोळ्या आणि कानात घालायला कापूस दिला. हिनं मूठभर गोळ्या घेतल्या, भाचरांसाठी. मग सगळं धावायला लागलं. ट्रक असा धावला असता तर मी उडी टाकली असती. आणि मग खालचा खडखड एकदम थांबला. इतका मऊपणा मी कुठल्या यंत्रात अनुभवलेला नाही. मी कानानं इंजिन ओळखणारा माणूस. डोळे मिटून चारही इंजिनं एकेक करून ऐकली. एकातही खोट नाही.

डोळे उघडले तर पंखाचं टोक वरखाली हलत होतं! हिचा हात धरला. मग मधूचं आठवलं, न वाकणारा पंख मोडतो म्हणून मुद्दाम वाकता केलाय.

खिडकी ताटाएवढी. अर्ध्या तासानं ही ओरडली, सगळं विमान बघायला लागलं. "आवं, सावित्री!" खरंच सावित्री. नदीचा तो वाक मी ओळखला, धुक्याच्या कडेला महाड, माझ्या तळहाताखाली झाकेल एवढं. रायगड केवढासा. वरंधचा घाट म्हणजे कुणीतरी टाकून दिलेली सुतळी. त्या सुतळीवर मी आयुष्य काढलं, ब्रेक तापल्याचा वास घेत. हिला म्हणे तिची वाडीसुद्धा दिसली. दिसणं शक्य नाही, पण वाद घातला नाही.

"देवाला ह्यो समदा असाच दिसत आसल नाय?" हिनं विचारलं. माणसानं हे केलंय, आणि त्या माणसांत माझा मधू आहे. रडलो थोडा. कापसानं कान दुखतो म्हणून सांगितलं.

७ जानेवारी, बंगलोर

सुनेच्या भावाकडे उतरलोय. माणसं चांगली. सांबार रोज.

तीन दिवस मधूला पत्र लिहितोय. 'चि. मधूस अनेक आशीर्वाद' याच्या पुढे जात नाही. चौथं फाडलं. आज दुपारी हिला सगळं सांगितलं. वाटलं होतं रडेल, नाहीतर भांडेल. ही साडीची घडी घालत बसली. घालून झालेली मोडून पुन्हा घातली.

"तवा दोन दिस ज्येवला नव्हता त्यो," म्हणाली. "म्या तुमची बाजू घ्येतली. त्याला म्हनले, बापाच्या हातून चूक व्हयाची नाय."

मग म्हणाली, "मला सांगून काय उपेग? त्याला सांगा. तोंडानं. कागूद नको."

९ जानेवारी, सांताक्रूझ

सकाळी अकराला उतरलो. येताना खिडकीतून फार बघितलं नाही. जाताना वर चढायची भीती होती, आज खाली उतरायची.

मधू शिडीशी नव्हता, काम चालू होतं. निरोप आला, दोनला सुटतो, फाटकापाशी बसा. तेव्हापासून बाकावर बसलोय. डोक्यावरून विमानं जातायत, पोटातली चाकंसुद्धा दिसतात. दर वेळी मान वर जाते.

सुरुवात कशी करायची ते जुळवतोय. 'तुला आठवतं का' असं म्हटलं तर त्याच्यावरच ढकलल्यासारखं होईल. 'माझं चुकलं' म्हटलं तर तो विचारेल, काय चुकलं? आणि आधीपासून ठाऊक असेल तर विचारणारच नाही. त्याचीच जास्त भीती वाटते. तो मला बाबा म्हणतो. उद्याही म्हणेल, पण कसं म्हणेल?

ही आत्ता उठली. पिशव्या घेऊन पलीकडच्या बाकावर जाऊन बसली. "तुमी बापल्योक बोला. मी हितं हाय."

दोन वाजून गेले. फाटकातून माणसं सुटतायत, सगळी निळ्या कपड्यांत, सगळी सारखीच दिसतात.

तो बघा. चिंधीनं हात पुसत येतोय. मला बघून हसला.