खाडीचं पाणी

बोर्ली पंचतन,
आश्विन, १९३४

प्रिय अंबाजी,

माझं अक्षर पाहून कपाळाला आठ्या पडल्या असतील. पडू देत. वर्षभरात एक ओळ नाही, आणि आज लिहितोय तेही लॉरीबद्दल. पण आधी ते ऐकून घे. मेहुण्याचं लांबण ऐकायची तुला सवय आहे.

तू मुंबईला गेलास तरी लॉरी गळतच राहिली. दिघी बंदरावरून सुक्या मासळीची पोती भरून निघालो की चढावर दोनदा थांबून म्हातारीला पाणी पाजायचं. रबरी नळ्या बदलल्या, पट्ट्या आवळल्या, खालच्या तोटीला साबण फासला. काही उपयोग नाही. अखेर परवा रेडिएटरच उतरवला आणि आपल्या बापजाद्यांची युक्ती केली. होडी कुठे गळते ते पाहायला आपण ती कोरड्यावर ओढून आत पाणी भरतो ना, तसंच. दोन्ही तोंडांत काथ्या गुंडाळलेल्या खुंट्या ठोकल्या, बाहेरून चुलीतली कोरडी राख भुरभुरली, पाणी भरलं आणि विडी ओढत बसलो.

मला खात्री होती, राख पुढच्या बाजूला भिजणार. घाटात तू गाडी दगडावर घातलीस असं मी चारचौघांत ओरडलो होतो, तिथेच. तर तिथे राख कोरडी ठणठणीत. भिजली ती तळाला, तीन ठिकाणी. श्रीवर्धनच्या तांबटाकडे नेला. त्याने आतलं कीट खरवडून जिभेला लावलं आणि थुंकला. म्हणाला, "मिठानं खाल्लाय ह्याला. खाडीचं पानी कोन पाजीत व्हता?"

कोण पाजत होतं ते तुला ठाऊक आहे. गोड्या पाण्याची विहीर वर टेकाडावर. तू डबा खांद्यावर घेऊन चढायचास आणि मी खालून हसायचो, निघाली बघा नवी नवरी पाण्याला! तू नसलास की मी खाडीतलाच डबा ओतायचो. सात पिढ्या दर्यावर जगलो, या लोखंडाला काय होतंय? तू दोनदा बजावलंस. मी ऐकलं तर नाहीच, वर खापर तुझ्याच डोक्यावर फोडलं. आता तांबटाने डाख लावून भोकं बुजवलीत, थेंब गळत नाही.

गेल्या भाऊबीजेला तू आला नाहीस. भागूने तिन्हीसांजेला अंगणात जाऊन चंद्राला ओवाळलं, भाऊ नसलेल्या बाईसारखं. पाठचा भाऊ धडधाकट असताना. मी ओटीवर होतो, उठून आत गेलो. ते ताट अजून डोळ्यांपुढून हलत नाही. माझं चुकलं, अंबाजी. चारचौघांत बोललो होतो, म्हणून काल बंदरावर चारचौघांतच कबूल केलं. तुझ्या बहिणीला सांगायचा मात्र धीर होत नव्हता. तिला वाचता येत नाही, म्हणून इथवरचं पत्र आत्ताच तिला वाचून दाखवलं. ऐकून ती म्हणाली, "लिवा त्याला, यंदा मी अंगनात जायाची न्हाय. पाट मांडून बसनार हाय." भाऊबीजेच्या सकाळी मी बंदरावर लॉरी घेऊन उभा असेन. तिच्यातलं पाणी टेकाडावरचं असेल, आणि ते मीच वाहून आणलेलं असेल.

तुझाच,
गुणाजी