कावीळ नव्हती, अण्णा

अण्णा, उद्या मला डेपोत रजेचा अर्ज द्यायचा आहे आणि तुमच्याशी बोलल्याशिवाय तो लिहून होईना, म्हणून आधी हा कागद घेतला. तुम्ही जाऊन वीस वर्षं होत आली. होतात तेव्हा तरी आपण असं कुठं बोललो म्हणा. तुम्ही पेपर वाचायचात, मी चहा ठेवून जायची, झालं बोलणं. तर ऐका. मी नांदेडच्या स्टँडावर चौकशीच्या खिडकीत बसते. मुदखेडची लागली का, निलंग्याला थेट हाय का लातूरला उतरायचं, हे वर्षानुवर्षं सांगत आले. दोन महिन्यांखाली एका म्हातारीनं विचारलं, "माय, हदगावची गाडी गेली का गं?" गाडी समोर उभी होती. मला नुसतं बोट दाखवायचं होतं, ते दाखवता येईना. तिच्याकडं बघून मी जी रडायला लागले ती थांबेचना. शेवटी तीच म्हणाली, "राहू दे लेकरा, मी दुसऱ्या गाडीनं जाते."

हे काही एका दिवसात झालं नव्हतं. सहा महिन्यांपासून झोप तीनला उघडायची ती उघडायचीच. भाकरी तोंडात फिरायची, गिळायची नाही. सकाळी साडीच्या निऱ्या घालता घालता हात थांबायचे आणि वाटायचं, एवढं सगळं कशाला करायचं. मी म्हणायची, वय झालं, उन्हाळा लई आहे, दोन डुट्या सलग केल्या म्हणून असेल. बाई स्वतःला किती कारणं देते ते तुम्हाला काय सांगू. त्या दिवशी मात्र ह्यांनी मला रिक्षात घातलं आणि मनाच्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरीण वयानं माझ्यापेक्षा लहान. तिनं अर्धा तास ऐकून घेतलं आणि सांगितलं, हे नैराश्य आहे, हा आजार आहे, औषधानं आणि बोलण्यानं बरा होतो, वेळ लागतो. एवढं ऐकून मला पहिल्यांदा कोण आठवलं असेल? तुम्ही. लातूरच्या त्या खोलीत बाजेवर भिंतीकडं तोंड करून पडलेले.

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हाची गोष्ट. आपण निलंग्याहून तिथं आलो, मी दहा वर्षांची. भाड्याच्या दोन खोल्या, मधल्या भिंतीपलीकडं खाला, जिला सगळी गल्ली खालाच म्हणायची. जुन्या जिल्ह्याहून ट्रक भरभरून बस्ते यायचे, लाल फडक्यात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आणि ते गावागावांप्रमाणं लावायचं काम तुमच्याकडं होतं. पहिले काही महिने तुम्ही खुशीत होतात. "जिल्हा मांडून राहिलोय मी," म्हणायचात, संसार मांडल्यासारखं. मग हळूहळू जेवण कमी झालं, बोलणं कमी झालं. आणि एक दिवस सकाळी अकरा वाजता शिपायानं तुम्हाला हाताला धरून घरी आणलं. तुम्ही रडत होतात. मी तोपर्यंत तुम्हाला रडताना बघितलंच नव्हतं.

मायनं पुढं कितीतरी वर्षांनी सांगितलं की त्या दिवशी बस्त्यातून दुष्काळाचे हजेरीपट निघाले होते, तुमच्याच अक्षरातले. बाहत्तरला नव्या नोकरीत तुम्ही रस्त्याच्या कामावर हजेरी घ्यायचात. हजेरी झाल्यावर आलेल्याला घ्यायचं नाही, असा हुकूम होता. एक पोटुशी बाई तीन कोस चालून उशिरा पोचली आणि तुम्ही तिच्यापुढं गैरहजर लिहिलंत. ती समोर उभी होती आणि तुम्ही गैरहजर लिहिलंत. दहा वर्षांनी बाजेवर पडल्या पडल्या तुम्ही तिचं नाव घ्यायचात म्हणे. मी हे माझ्या डॉक्टरणीला सांगितलं. ती म्हणाली, एका कागदानं माणूस आजारी पडत नाही, आधीपासून आत साचत आलेलं असतं, कागद निमित्त होतो. मला ते पटलं, कारण हदगावच्या म्हातारीनं माझं काय वाईट केलं होतं?

तर तुम्ही पडून राहिलात आणि माय घाबरली. आता मला कळतं ती कशाला घाबरली. आपल्या लोकांत सरकारी खुर्चीवर बसलेले तुम्ही पहिले. माय मला चुलीपुढं बसवून म्हणाली, "कुणी इचारलं तर कावीळ झाली म्हणायचं. डोकं फिरलं म्हणले तर उद्या आपल्यातल्या कुणाला खुर्चीवर बसू देतेल का?" मी मान डोलावली. संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला मी सांगून आले, पोराठोरांसकट. मग काय, उसाचा रस आला, मुळे आले, खारे फुटाणे आले. शेजारी येऊन तुमच्या पापण्या खाली ओढून बघायचे आणि म्हणायचे, "हाव, पिवळे हायत की डोळे!" फोडणीचा वास भिंतीपलीकडं जाईल म्हणून मायनं घरातली फोडणीच बंद केली. हिरव्या मिरचीच्या ठेच्याशिवाय घास न उतरणारे तुम्ही, तीन आठवडे उकडलेलं खात होतात. आम्हीही खात होतो. खऱ्या आजाराचं औषध तेवढं कुणी देत नव्हतं, कारण तो आजार आपल्या घरात नव्हताच ना.

मग खाला माळ घेऊन आली. "अजी भाबी, इसकू माला डालना पड़ता. दवाखाने में इसका कुछ बी नै है," म्हणाली. औशाच्या वाटेवरच्या एका गावातून तिनं ती काविळीची माळ मुद्दाम आणवली होती. कसल्या तरी मुळ्यांचे तुकडे दोऱ्यात गाठी मारून ओवलेले, डोक्यावर टोपीसारखी बसेल एवढीच. कावीळ उतरत जाते तशी माळ वाढत जाते, गळ्यात येते, छातीवर येते, आणि बेंबीपर्यंत आली की माणूस बरा. खालाचा जीव होता आपल्यावर, तिला काय बोल लावायचा. पण अण्णा, विहारात दर रविवारी उभं राहून गंडेदोरे तोडून टाका म्हणून सांगणारे तुम्ही. मला वाटलं आता तुम्ही ओरडणार. तुम्ही डोकं पुढं केलंत. नाही म्हणाला असतात तर कावीळ नाही हे कळलं असतं.

चार दिवस माळ जागची हलली नाही. पाचव्या दिवशी ती छातीच्याही खाली आली. गल्ली खूष झाली. खालानं गुळाचा खडा वाटला, मायनं फोडणी दिली, आणि पुढच्या सोमवारी तुम्ही कचेरीत रुजू झालात. बरे न होता रुजू झालात, अण्णा. त्यानंतर बावीस वर्षं तुम्ही एक दिवस आजारपणाची रजा काढली नाही. विहारात बोलणं सुटलं. रविवारी भिंतीकडं तोंड करून पडायचात आणि माय आम्हाला म्हणायची, थकलेत. शेवटी छातीत दुखत होतं तेही दोन दिवस कुणाला सांगितलं नाहीत. मला याचा राग आहे. इतकी वर्षं नव्हता, आता आला आहे, आणि डॉक्टरीण म्हणते येऊ द्या.

तुम्ही गेल्यावर पेन्शनच्या कागदांसाठी तुमचं सेवापुस्तक बघितलं. त्या रजेपुढं तुमच्याच वळणदार अक्षरात लिहिलंय, कावीळ. आणि तिसरीत मी शाळा बुडवून चिंचा पाडायला गेले, चिठ्ठीत पोटदुखी लिहून सहीला आणली, तेव्हा तुम्हीच चिठ्ठी फाडून म्हणाला होतात, "कारणाच्या रकान्यात खोटं लिहायचं न्हाई. माणूस इसरतो, कागद इसरत न्हाई." ते मी कधी विसरले नाही, पण दोन महिन्यांखाली पहिल्या अर्जात मी काय लिहिलं? कंबरदुखी. खिडकीतला सोबती म्हणाला, "ताई, कंबर लिहा की. कंबरंला कोण इचारून राहिलंय?" आणि झालं तसंच. कुणी कमरेचा पट्टा आणून दिला, कुणी तेल. परवा डेपोतले भेटायला आले, मी चहा देताना वाकले तर एकजण म्हणाला, बरी झाली की ताईंची कंबर, मग रुजू व्हा. हे पण म्हणतात, आता चांगली दिसतेस. चांगली दिसते मी, खरंच. झोप येते. सकाळी गोदावरीच्या घाटापर्यंत चालत जाते, थोडा वेळ बसते, येते. भाकरीची चव कळते. पण अजून गर्दीचा आवाज आला की जीव घाबरा होतो, आणि डॉक्टरणीनं बजावून सांगितलंय, "गोळ्या कधी थांबवायच्या आणि कामावर कधी जायचं ते मी आणि तुम्ही ठरवू, शेजारपाजार नाही."

म्हणून उद्याच्या अर्जात मी अजून एक महिना मागणार आहे आणि कारणाच्या रकान्यात लिहिणार आहे, नैराश्य, औषधोपचार चालू. मागच्या वेळी कंबरदुखी लिहिलं ते खरं नव्हतं, हेही लिहीन. लोक बोलतील. दोन दिवस बोलतील, मग त्यांना दुसरं काही मिळेल. कुणी सांगावं, खिडकीतला एखादा माझ्याकडं येऊन हळूच विचारेल, ताई, त्या डॉक्टरीण कुठं बसतात? मी पत्ता देईन. डुटी मात्र इथून पुढं एकच. दुसरी कुणी गळ्यात मारली तर नाही म्हणेन, आरशापुढं म्हणून बघितलंय, जमतं.

हा कागद कुठं पाठवायचा नाहीच, डॉक्टरणीच्या फाइलीत मागं ठेवून देईन. पण एक राहिलं. ती माळ वाढली नव्हती, अण्णा. पाचव्या दिवशी दुपारी माय नळावर गेली होती, तुम्ही डोळे मिटून पडला होतात, आणि मला तुम्ही बरे व्हायला हवे होतात. मी एकेक गाठ ओढून सैल केली आणि माळ डोक्यावरून गळ्यात, गळ्यातून खाली सरकवली. इतकी वर्षं मी कुणाला सांगितलं नाही. तुम्ही झोपेत होतात असंच धरून चालले. पण खरं सांगते, दोरा तुमच्या मानेखाली अडकला तेव्हा तुम्ही डोळे न उघडता मान उचललीत, आणि माझं होईपर्यंत तशीच धरून ठेवलीत.