टिपरी पळून गेलेली नाही

ताई,

ड्युटीवरून आलीस की आईला उठवू नकोस, आत्ताच डोळा लागलाय तिचा. मी घरात नाही हे कळलं तर तिच्या जिवाचं पाणी होईल.

मी टिपरीच्या घरी जातेय. सकाळी बादली भरताना मला सगळं आठवलं. त्या दिवशी खाणीच्या तळ्यात माझा पाय घसरला नव्हता गं. टिपरी पडली होती, तिला काढायला मी उडी मारली. सगळे म्हणतात, काकूंशी भांडून ती घर सोडून गेली. ती कुठेही गेली नाही. तिथेच खाली आहे, बुडालेल्या क्रेनपाशी.

डॉक्टरांनी माझ्या तोंडावर चादर ओढली आणि तासाभराने मी उठून बसले, हे तू स्वतः पाहिलंस. तो तासभर मी तिच्याजवळ होते. शेवटी तिनेच माझा हात सोडवला. म्हणाली, "तू जा. आईला सांग, मी रागावून नाही गेले."

आणि मी नेमकं तेच विसरले! पंधरा दिवस काकू रोज येऊन मला विचारतात, "काही म्हणाली होती का गं ती?" मी आपली 'नाही' म्हणून मान हलवते.

आता घरात बसवत नाही. तू कपडे बदलत बसू नकोस, तशीच तिकडे ये. सांगायचं काम मी करेन, पण नंतर काकूंना सावरायला मी एकटी पुरणार नाही.