फिकं ऊन

आई, आज ऑफिसात तुझ्या कुरडया आठवल्या.

आलमबागच्या रेल्वे क्वार्टरची गच्ची. तुझ्या शाळेला सुट्टी लागलेली, म्हणून तू बाबांच्या जुन्या धोतरावर कुरडया घालतेस. आभाळात ढग नाही, तरी ऊन फिकं. दोन दिवस झाले तरी कुरडया ओल्याच, त्यात इंजिनांच्या शेडमधली काजळी येऊन पडलेली. मी बोटानं पुसायला गेले तशी ओरडलीस, "हात नको लावूस, काळं पसरतं! फुंकर मार." आणि तू विज्ञानाची बाई, तिथंच शिकवायला लागलीस. हवेत धूर-धुकं मिसळून झालेलं धुरकं उन्हाला वरच्या वर परतवतं, काजळी मात्र ऊन पिऊन तापते. मला तेव्हा फक्त उरलेला चीक खायचा होता.

आता मी तेच मोजते. खाली किती ऊन पोचलं ते आमच्या गच्चीवरचं यंत्र टिपत असतं. धूर, धूळ, गंधकाचे कण मिळून बरंच ऊन अडवतात, त्यामुळे कार्बन डायऑक्साइडनं पृथ्वी खरी तापायला हवी तेवढी तापलेली दिसत नाही. हवा स्वच्छ केली की ही झाकलेली उष्णता थोडी उघडी पडणार. अहवालात मी तसं लिहिलं होतं. साहेबांनी आज बोलावून घेतलं. म्हणाले, "मॅडम, ये लाइन हटा दीजिए. लोग कहेंगे धुआँ अच्छी चीज़ है."

"हटाएँगे नहीं, सर. इसके आगे थोड़ा और लिखेंगे."

तिथंच बसून लिहिलं. कण पावसानं काही दिवसांत धुऊन जातात, कार्बन डायऑक्साइड शेकडो वर्षं हवेत राहतो. धुरानं माणसं मरतात. म्हणून दोन्ही एकदमच कमी करायला हवं. साहेब बराच वेळ वाचत राहिले, मग म्हणाले, "अच्छा, रहने दीजिए." ओळ राहिली. चहा आला. मी प्यायले.

विकास नगरच्या घरातला तुझा शेवटचा जानेवारी. "ऊन आलं का गं?" एवढंच विचारायचीस. आम्ही तुझी खाट बाल्कनीत सरकवायचो. सूर्य नुसत्या डोळ्यांनी बघता यायचा, इतका पांढरट, पण ऊब नाही. तू कधी चुलीपुढे बसली नव्हतीस, तरी फुफ्फुसं निकामी झालेली. डॉक्टर म्हणाले, ये हवा ही है. जे या शहरावरचं ऊन अडवत होतं तेच तुझ्या छातीत बसलं होतं. हे मी साहेबांना सांगितलं नाही. मनाशी म्हणून पाहते तेव्हाही काही होत नाही, कुणी पत्ता वाचून दाखवावा तसं वाटतं.

संध्याकाळी जेवताना मुलाला मीटिंगचं सांगितलं. तो मराठी ऐकतो आणि हिंदीत बोलतो. "तो मम्मी, आजी को भी इसी हवा ने...?"

"हो."

"अच्छा," म्हणाला, आणि थोड्या वेळानं माझ्या ताटात सब्जी वाढली.

हे पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं. कारण तुला हे कळायला नको: तुझा चेहरा आठवायला बसले की हल्ली आधी तुझ्या छातीचा एक्स-रे दिसतो. चेहरा नंतर येतो, कधी कधी येतही नाही.