कु. चिनात्सु हिची रविवारची परीक्षा थांबवण्याबाबत

प्रति,
माननीय सचिव,
श्रेणी परीक्षा समिती,
दक्षिण किनारा कराटे संघ,
इतोमान, ओकिनावा.

अर्जदार : तोकाशिकी मोरिहिदे, वय ५८ वर्षे, मासळी लिलावघरात वजनकारकून, झुकेरान गुरुजींच्या शाळेत काळा पट्टा, चौथी श्रेणी.

विषय : माझी मुलगी कु. चिनात्सु, वय २२, हिची सातवी व आठवी श्रेणी परीक्षा रविवार दि. ३ सप्टेंबर रोजी एकाच बैठकीत घेण्यास मनाई करणेबाबत.

संदर्भ : १) संघाची नियमावली, नियम ७ (दोन परीक्षांमधील सक्तीचा काळ).
२) आपल्या कार्यालयातील योनामिने बाईंशी काल फोनवर झालेले बोलणे.

महोदय,

काल फोन केला तेव्हा योनामिने बाई म्हणाल्या, "तोंडी काही चालत नाही हो. लेखी द्या, सोमवारी साहेबांपुढे ठेवते." सोमवारी ठेवून काय करायचे? परीक्षा रविवारी आहे. म्हणून हा अर्ज स्वतः आणून आपल्या हाती देत आहे. आपण जागेवर नसल्यास दाराच्या फटीतून आत सरकवीन. ही पद्धत योग्य नव्हे याची मला कल्पना आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

१. नियम ७ आपणच केलेला आहे. काळ्या पट्ट्याच्या पहिल्या श्रेणीनंतर दुसरीसाठी एक वर्ष, दुसरीनंतर तिसरीसाठी दोन, अशी चढती वाट पाहत आठवी गाठायला अठ्ठावीस वर्षे लागतात. आठवीला वयाची अटही साठ आहे. माझी मुलगी सहा महिन्यांत तिथे पोचत आहे. तपशील असा : पहिली श्रेणी ५ मार्च. दुसरी ४ जून. तिसरी १६ जुलै. चौथी ६ ऑगस्ट. पाचवी २० ऑगस्ट. सहावी २७ ऑगस्ट. पुढचे मला लिहवत नाही, ते विषयात लिहिलेच आहे.

२. या सगळ्याची सुरुवात माझ्या तोंडाने झाली, हे मी लपवू इच्छित नाही. आमच्या शाळेत कुणी परीक्षा मागत नाही. मागणे हाच अपराध समजला जातो. गुरुजी एखाद्या दिवशी "रविवारी ये" म्हणतात, आपण मान लववायची, एवढेच. पण चिनात्सुला एप्रिलपासून ओसाकात नोकरी लागली होती, आणि पोरीने काळा पट्टा बांधून घर सोडावे असा मला मोह झाला. दि. २ फेब्रुवारी रोजी मी चांगली जुनी तांदळाची दारू घेऊन गुरुजींकडे गेलो आणि म्हणालो, जरा लवकर होईल का? गुरुजींनी आधी माझा पेला भरला, मग स्वतःचा. म्हणाले, "इतक्या वर्षांत तोंड उघडून मागणारा तू पहिलाच रे. मागितलंस ना? मग आता मी देतो. पुरतं देतो." मला वाटले, बरे झाले, खूश आहेत. माझी पत्नी हात्सुए हिने ऐकले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "तुमच्या जिभेला हाड नाही." त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतेच बोलते. चिनात्सु ओसाकाला गेली नाही. "दुसरी होऊ दे, मग जाईन," म्हणाली. मीही अडवले नाही. मला अभिमान वाटत होता, महोदय.

३. गुरुजींचे वय त्र्याऐंशी. त्यांच्या यकृताचे दुखणे आहे, आणि पुढच्या वर्षीचा पितरांचा सण आपण बघणार नाही असे ते सर्वांसमोर सांगतात. दोन्ही मुलगे जपानच्या मोठ्या बेटावर गेले, त्यांनी विद्या घेतली नाही. शाळेचा शेवटचा पाठ आठव्या श्रेणीखालच्या माणसाला द्यायचा नाही अशी त्यांच्या गुरूंची शपथ आहे. म्हणून त्यांना आठव्या श्रेणीचा वारस हवा, आणि तो या सणाआधी हवा. येत्या रविवारी पितर घरी येण्याचा दिवस आहे. गुरुजी म्हणतात, "त्या दिवशी माझे गुरू माझ्या दारी येणार. त्यांना रिकाम्या हाताने कसं सामोरं जाऊ? पोर दाखवतो त्यांना."

४. परीक्षा कशी होते हे आपल्याला ठाऊक असेलच, तरी कागदावर असावे म्हणून लिहितो. उमेदवार उघड्या अंगाने (मुली पातळ सदऱ्यात) तीन पावलांच्या पवित्र्यात श्वास बांधून उभा राहतो आणि गुरुजी त्याच्या खांद्यांवर, बरगड्यांवर, मांड्यांवर हात मारून बांधणी तपासतात. श्रेणीच्या दसपट आघात, हा आमच्या शाळेचा रिवाज आहे. पाचवीपासून हाताऐवजी ओक लाकडाची काठी येते. पाचवीला पन्नास. सहावीला साठ. रविवारी सत्तर आणि ऐंशी मिळून दीडशे होतील. आमच्या आधीच्या पिढीतले थोरले सांगत की मधली वर्षे शिकण्यासाठी नसतातच, ती हाडांसाठी असतात. हे म्हणणे मला पूर्वी गमतीचे वाटे.

५. पाचवीनंतर चिनात्सुच्या डाव्या बाजूच्या दोन बरगड्यांना चीर गेल्याचे क्ष-किरण चित्रात दिसते (सोबत जोडले आहे). डॉक्टरांनी विचारले तेव्हा ती म्हणाली, "जिन्यावरून पडले." आमच्या घराला जिना नाही. डॉक्टरांनी सहा आठवडे विश्रांती लिहून दिली. सातव्या दिवशी सहावी झाली.

६. आता जे लिहितो ते लिहायला दोन दिवस लागले. शाळेत भिंतीवर सर्वांच्या नावाच्या लाकडी पट्ट्या टांगलेल्या असतात, वरच्या श्रेणीची उजवीकडे. चिनात्सुची पट्टी २० तारखेला माझ्या पट्टीच्या पुढे गेली. त्यामुळे मी तिच्या खाली बसतो, तिला वाकून नमस्कार करतो, आणि ती परीक्षेला उभी असताना आघात मोठ्याने मोजणे हे खालच्यांचे काम असल्याने मी मोजतो. पूर्वी शाळेत आम्ही अकराजण होतो. पाचवीनंतर सातजण यायचे बंद झाले. २७ तारखेला, माझ्याच्याने राहवले नाही म्हणून, सत्तावीसनंतर मी एकदम तीस म्हटले. मला वाटले, दोन तरी वाचतील. गुरुजींची काठी वरच थांबली. त्यांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. म्हणाले, "मोजणी चुकली. पहिल्यापासून." आणि पहिल्यापासून साठ झाले. माझ्या मुलीने त्या दिवशी सत्त्याऐंशी सोसले, त्यातले सत्तावीस माझे. महोदय, मी रोज शेकडो माशांची वजने लिहितो, माझ्या आकड्यात कधी चूक निघालेली नाही.

७. आपण म्हणाल, मुलगी सज्ञान आहे, तिने स्वतः नकार द्यावा. मी हात जोडले, तिची आई रडली. ती पाटावर सरळ बसून (टेकता येत नाही) कारल्याची भाजी चिवडत म्हणाली, "बाबा, मागितलं तुम्ही. मी आता मध्येच उठले तर गुरुजी जातील आणि त्यांच्याबरोबर सगळंच जाईल. कुणाच्या माथी ते? तुमच्या की माझ्या?" नंतर म्हणाली, "आणि दुखत नाही आता. काहीच लागत नाही मला." आईने तिच्या पायावर चुकून गरम भांडे टेकवले तरी तिने पाय काढला नाही. ती रात्रीसुद्धा तसाच श्वास घेते, परीक्षेतला. भिंतीपलीकडून ऐकू येतो.

८. या बाबतीत आपल्या कार्यालयाचाही हातभार आहे, हे नम्रपणे पण स्पष्ट लिहावे लागते. मोठे वादळ झाले त्या वर्षी रस्ते बंद म्हणून आपण गुरुजींना सही-शिक्क्याचे कोरे दाखले आगाऊ दिले होते. ते परत मागवले नाहीत. चिनात्सुचे सहाही दाखले त्यांतलेच आहेत. सातवा आणि आठवा असे दोन्ही दाखलेही तिचे नाव घालून गुरुजींच्या देवघरात पितरांच्या नावाच्या पाट्यांपुढे मांडून ठेवलेले मी डोळ्यांनी पाहिले. त्या दाखल्यांशेजारी त्यांनी एक पांढरे, घडी न मोडलेले कापड ठेवले आहे. ते कशासाठी, असे मी विचारले. गुरुजी म्हणाले, "दोघांपैकी ज्याला लागेल त्याला."

९. सबब विनंती पुढीलप्रमाणे :
(अ) रविवारची परीक्षा एका ओळीच्या हुकमाने रद्द करावी.
(आ) ते अधिकारात नसल्यास नियम ७ चा भंग झाला म्हणून चिनात्सुच्या सहाही श्रेणी काढून घ्याव्यात आणि तिला पांढऱ्या पट्ट्यावर आणावे. कुठल्याच बापाने असा अर्ज केला नसेल. मी करतो.
(इ) तेही होत नसल्यास नियम ९ लागू करावा. त्यात असे आहे की एकाच दिवशी दोन उमेदवार असतील तर ज्याने जास्त काळ वाट पाहिली आहे तो आधी उभा राहील. माझी चौथी श्रेणी १९९८ सालची आहे. एकोणीस वर्षांत मी पाचवी मागितली नाही. आता मागतो. पाचवी, सहावी, सातवी, आठवी, चारही रविवारीच, सलग, चिनात्सुच्या आधी. आघात दोनशे साठ होतात. गुरुजींची प्रकृती पाहता त्यांचा हात तेवढ्यातच थकेल, आणि दिवस मावळला की पितरांना ओवाळायचे असल्याने परीक्षा पुढे चालत नाही. माझी बांधणी साठाच्या पुढे टिकणार नाही हे मला माहीत आहे. पण नियमात उमेदवाराने शेवटपर्यंत उभेच राहिले पाहिजे असे कुठेही लिहिलेले नाही. आकडा पुरा व्हावा एवढेच आहे.

उद्या शनिवारी दुपारी बारापर्यंत लिलावघरातल्या फोनवर हुकूम कळवावा. घरी फोन करू नये, चिनात्सु उचलते. काहीच उत्तर न आल्यास (इ) मंजूर झाले असे धरून मी रविवारी सकाळी सात वाजता शाळेच्या दारात पहिला हजर राहीन.

आपल्या निर्णयाची वाट पाहणारा,
आपला नम्र,
(सही) तोकाशिकी मोरिहिदे
इतोमान, शुक्रवार दि. १ सप्टेंबर २०१७

सोबत :
१) चिनात्सुच्या सहा दाखल्यांच्या प्रती.
२) क्ष-किरण चित्र व विश्रांतीची चिठ्ठी.
३) पत्नी हात्सुए हिचे संमतीपत्र, फक्त (अ) व (आ) साठी. (इ) तिला सांगितलेले नाही.
४) उमेदवाराचा तंदुरुस्तीचा दाखला : डॉक्टरांनी माझे हृदय तपासून देण्यास नकार दिला. तरी त्याविना अर्ज दाखल करून घ्यावा.