राइट क्लिकची मालकी

२ फेब्रुवारी

चि. टिल्लूस अक्काचे अनेक आशीर्वाद. रागावलेले, पण आशीर्वादच.

ऑफिसच्या ईमेलवर भावंडांचं भांडण नको, म्हणून कागद घेतला. माझा मेनू तुझ्या हाती दिल्याचं साहेबांनी मला सांगितलं नाही. आईनं सांगितलं, तेही शेजारणींना सांगून झाल्यावर. अभिनंदन. माझ्या पोटात दुखतंय आणि ते लपवण्याइतकी मी भित्री नाही.

घरांचे नकाशे काढायच्या आपल्या सॉफ्टवेअरमध्ये माऊसचं उजवं बटण दाबलं की जो मेनू उघडतो, तो मी कसा रचला ठाऊक आहे? ड्राफ्ट्समनच्या खुर्चीमागे उभी राहून. भिंत निवडल्यावर माणूस आधी काय शोधतो, दार निवडल्यावर काय, कुठे अडखळतो, कुठे शिव्या घालतो. ‘पुसून टाका’ पार तळाशी ठेवलं, म्हणजे घाईतला हात चुकून कुणाचं घर पाडणार नाही. आणि तू म्हणतोस, ज्यानं त्यानं हवी ती ओळ वर न्यावी, नको ती काढावी! उद्या सुताराच्या दुकानात गिऱ्हाईकच रंधा मारेल. ही सोय नव्हे, जबाबदारी झटकणं आहे. नव्या आवृत्तीत कुणाचा मेनू जाणार ते वीस तारखेच्या बैठकीत ठरेल. तिथे मी तुझ्याविरुद्ध बोलणार.

तुझ्या बायकोचं मनगट कसं आहे? तिला माझा आशीर्वाद सांग. लोभ आहेच, वाढव असं आज म्हणवत नाही.

अक्का

७ फेब्रुवारी

ती. अक्कास सा. न. वि. वि.

पत्राचा हाताला चटका बसला. कॉलेजच्या व्यासपीठावरून ‘माणसाला त्याचं घर त्याचं त्याला मांडू द्या’ अशी गर्जना करणारी तूच ना? मग भिंती त्याच्या आणि मेनू तेवढा तुझा, हा कुठला न्याय?

मनगटाचं विचारलंस. ही दिवसभर नकाशे काढते. तुझ्या लांबलचक मेनूतल्या पाच-सहा ओळीच तिला लागतात, आणि त्याही वर-खाली विखुरलेल्या. माझी कल्पना तिच्या कण्हण्यातून निघाली, साहेबांच्या डोक्यातून नव्हे. आणि जळण्याचं म्हणशील तर माझ्या शाखेत अजून सगळे ‘अक्कांचा मेनू’ म्हणतात. पोटदुखीचा मक्ता काही तू एकटीनं घेतलेला नाहीस.

चाचणीची प्रत तुझ्या घरच्या कॉम्प्युटरवर टाकायला सांगितली आहे. मेनूतली ‘मेनू बदला’ ही ओळ दाब आणि मनसोक्त तोडफोड कर. दोष सापडला तर बैठकीआधी कळव, एवढी मेहेरबानी कर. भाऊजींना नमस्कार. लोभ विझू देऊ नकोस.

टिल्लू

१४ फेब्रुवारी

चि. टिल्लूस आशीर्वाद.

तोडफोड केली. तुझी कौतुकं ऐकून साठलेला राग एकेका ओळीवर काढला. सगळा मेनू रिकामा केला आणि शेवटी ‘मेनू बदला’ हीच ओळ काढून टाकली. मग उजवं बटण दाबलं. नखाएवढी पांढरी चौकट उघडली, आत काही नाही. प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडला, तीच चौकट. परत यायला वाटच नाही! ज्या दारानं आत जायचं तेच दार तू लोकांना उखडू देतोस.

काय आनंद झाला म्हणून सांगू! तुझे भाऊजी स्वयंपाकघरातून धावत आले. त्यांना वाटलं, लॉटरी लागली. मी लगेच ठरवून टाकलं की बैठकीत, मोठ्या पडद्यावर, फक्त एकेक ओळ काढत जायची आणि अवाक्षर न बोलता खाली बसायचं. दोन दिवस ते गुपित गोळीसारखं चघळलं. मग तुझे भाऊजी म्हणाले की टिल्लूला सांगू नकोस, बैठक तुझीच. ते ऐकलं आणि गोळी कडू झाली. अशी जिंकले तर तुझ्या चुकीनं जिंकले. माझा मेनू बिचारा बाजूलाच. मला तुला पाडायचं आहे, पण तू धडधाकट उभा असताना.

तेव्हा दुरुस्त कर आणि ये. जळणं कमी झालंय असं समजू नकोस. माया आहे, ती वीस तारखेला रजेवर असेल.

अक्का

२३ फेब्रुवारी

ती. अक्कास शि. सा. न.

‘मेनू बदला’ ही ओळ आता कुणालाच काढता येत नाही. तुझं पत्र नसतं तर भर बैठकीत माझं नाक कापलं गेलं असतं. तू बोलायला लागलीस तेव्हा साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. कौल मला मिळाला, टाळ्या तुला.

निकालानंतर मी म्हणालो की नव्या माणसाला पहिल्यांदा जो मेनू दिसेल तो अक्काच्याच मांडणीचा राहू द्या, आणि तू न जेवता निघून गेलीस. आईला म्हणे सांगितलंस की हरलेल्यापुढे तुकडा टाकला. अगं, तुकडा कसला? ती मांडणी माझी असावी म्हणून बैठकीआधी मी जिवाचं रान केलं. रोज नवी रचायची, रोज हिला वापरायला द्यायची. शेवटी ती वैतागून म्हणाली की अक्कांचीच परत लाव, त्यातल्या माझ्या ओळी मी वर घेते. हात भिंतीवर गेला की त्याला पुढे काय हवं हे तुला कळतं, मला नाही. माझ्या बायकोचा हात, आणि तो तुला जास्त कळतो!

साहेबांनी सुरुवातीच्या मांडणीवर कुणाचं नाव घालायचं ते विचारलंय. तुझं दिलं. देताना बोटं जड झाली होती, हेही कळू दे. लोभ ठेव, माझा थोडा करपलेला आहे, चालवून घे.

टिल्लू