कार्ड बंद झाल्यावर

बाबा, मी काय काम करते हे तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. तुम्ही गेलात तेव्हा मी कॉलेजात होते आणि असलं काही काम असतं हे आपल्या ओळखीत कोणालाच ठाऊक नव्हतं. मी नागपुरात बसून अमेरिकेतल्या दवाखान्यांची बिलं वाचते. तिथं माणूस दवाखान्यात गेला की त्याच्या प्रत्येक तपासणीला, प्रत्येक इलाजाला एक आकडा देतात आणि ते आकडे त्याच्या विमा कंपनीकडे जातात. कंपनी कधी पैसे देते, कधी नाही म्हणते. नाही म्हटलं की ती फाइल आमच्याकडे येते. का नाही म्हटलं ते शोधायचं आणि दवाखान्याच्या वतीनं कंपनीला लिहायचं, की हा इलाज गरजेचा होता, पुन्हा विचार करा. त्या लिहिण्याखाली माझं नाव नसतं. ज्यांच्यासाठी लिहिते त्यांचं वय, वजन, रक्तदाब, दारू पितात की नाही, घरी कोण असतं, सगळं मला माहीत असतं, आणि मी या जगात आहे हे त्यांना माहीत नसतं.

विमा म्हणजे काय हे मला या ऑफिसात कोणी शिकवलं नाही. ते तुम्ही शिकवलंत. मी शाळेत असताना टायफॉइड झाला होता. तुम्ही हिंगण्याच्या कारखान्यातून पाळी संपवून कंपनीच्या बसनं आलात आणि कपडेही न बदलता मला कामगारांच्या विमा दवाखान्यात घेऊन गेलात. लाकडी बाकावर तुम्ही बसला आहात, तुमच्या शर्टाला मशीनच्या तेलाचा वास येतो आहे आणि माझं डोकं तुमच्या मांडीवर आहे. मी कंटाळून म्हणाले, की फुकटचा दवाखाना आहे म्हणून इतका वेळ बसवतात. तुम्ही मला कधी रागावत नव्हता, त्या दिवशी रागावलात. "फुकटचा नाही वं हा," तुम्ही म्हणालात. "माह्या पगारातून दर महिन्याले कटते. सगळ्याइच्याच पगारातून कटते. आज आपल्याले लागलं, उद्या दुसऱ्याले लागन." आणि मग मला बरं वाटावं म्हणून येताना रसवंतीवर थांबलात. बर्फ नको, असं त्या माणसाला बजावून सांगितलंत.

पुढे कारखाना बंद पडला आणि काही महिन्यांनी त्या विमा दवाखान्याचं कार्डही बंद झालं. तुम्ही एका गोदामात राखणदारीला लागलात. तिथं कसलंच कार्ड नव्हतं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून तुम्ही छाती चोळत होता, आई म्हणत होती की डॉक्टरला दाखवून या, आणि तुम्ही म्हणत होता, "काहून घाबरून राहिली? गॅस झाला असन." आई तव्यावरची भाकर उलटायची विसरली होती. जळका वास आल्यावर तुम्हीच उठून ती उलटलीत. तो आठवडा काही संपला नाही तुमचा.

आता जे सांगायला बसले ते सांगते. मागच्या वर्षी एक फाइल आली. एक माणूस, माझ्याच वयाचा, फर्निचरच्या कारखान्यात सुतारकाम करणारा. अमेरिकेत बहुतेकांचा विमा नोकरीसोबत येतो आणि नोकरीसोबत जातो. त्याला कामावरून कमी केलं, त्या महिनाअखेर त्याचा विमा संपला, आणि पुढच्याच महिन्यात हृदयाचा झटका आला. विमा कंपनीनं लिहिलं होतं, की इलाजाच्या दिवशी विमा चालू नव्हता. अशा फाइलीत लढण्यासारखं काही नसतं. बिल रुग्णाच्या नावे लावायचं आणि पुढची फाइल उघडायची. पण डॉक्टरची नोंद मी वाचली. त्यात लिहिलं होतं, की रुग्णाच्या छातीत आधीपासून दुखत होतं, विमा गेल्यामुळे तो घरीच थांबला, शेवटी बायकोनं आणलं. मी खुर्ची मागे सरकवून पाणी प्यायला गेले. परत आले तरी ती ओळ तिथंच होती.

तिथं एक कायदा आहे, बाबा. नोकरी गेली तरी जुना विमा काही काळ स्वतःच्या पैशानं चालू ठेवता येतो. मालक भरायचा तो वाटाही आपणच भरायचा, म्हणून तो फार महाग पडतो आणि लोक सोडून देतात. पण साधारण दोन महिन्यांच्या आत हो म्हटलं, तर तो मागच्या तारखेपासून लागू होतो, मधल्या आजारपणासकट. या माणसाची मुदत अजून संपली नव्हती. कदाचित त्या बायकोला कोणी हे नीट सांगितलंच नसेल. आमची टीम लीडर माझ्यापेक्षा बरीच लहान आहे, मनानं चांगली. ती म्हणाली, की मॅडम, पेशंटशी आपला संबंध नाही, आपण फक्त दवाखान्यासाठी काम करतो. मी म्हटलं, दवाखान्यालाच लिहिते. त्यांच्या बिल विभागासाठी मी फाइलवर टीप लिहिली: या कुटुंबाला आजच फोन करून सांगा, जुना विमा अजून चालू करता येईल. ती टीप कोणी वाचेल की नाही याची काही खात्री नव्हती. मी तिच्याखाली आणखी एक टीप लिहिली.

बऱ्याच दिवसांनी फाइल पुन्हा उघडली, तर विमा मागच्या तारखेपासून चालू दिसत होता. कंपनीनं बिल मंजूर केलं होतं. त्या कुटुंबाच्या वाट्याला थोडं उरलं होतं, तेही दवाखाना हप्त्यानं घेणार होता. शेवटची नोंद तो माणूस तपासणीला आल्याची होती. रोज चालतो, असं डॉक्टरनं लिहिलं होतं. टीम लीडर म्हणाली, "बंद झाली का मॅडम ती? मस्त." आणि तिचा फोन वाजला. घरी आले, कुलूप काढलं, कुकर लावला. हे कोणाला तरी सांगावं असं फार वाटलं. आई जाऊनही आता पुष्कळ दिवस झाले, आणि लग्न मी केलं नाही हे तुम्हाला ठाऊक नाही. शेजारच्या काकू दारात भेटल्या, पण त्यांना कुठून सुरुवात करून सांगायचं ते कळेना. मग भाजी किती महाग झाली ते बोललो.

हे तुम्हाला पाठवायला पत्ता नाही, तेव्हा एक गोष्ट कबूल करायला हरकत नाही. गेल्या महिन्यात पोटाच्या दुखण्यासाठी माझी दुर्बिणीची तपासणी होती. ऑफिसच्या विम्यात सगळं बसत होतं, मंजुरीही आली होती. पण गुंगीचं औषध देतात म्हणून सोबत माणूस लागतो. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, सोबत कोण आहे? माझे केस पांढरे झालेत, बाबा, ते तिला दिसत होते. मी म्हटलं, "माझे वडील आहेत. खाली स्कूटर लावून राहिले." तिनं मान हलवली आणि मला आत पाठवलं. स्कूटर तर तुम्हाला कधी चालवताही येत नव्हती.